शेतीची विहीर

जाफराबादच्या अलीमला सगळा तालुका छातीचा माणूस म्हणायचा, आणि तालुका साफ चुकत होता. पन्नास-साठ फूट खोल विहिरीत दोरावर लोंबकळत उतरायचं, तळाच्या चिखलात उभं राहायचं आणि खडकाला आडवं भोक पाडायचं, हा त्याचा बावीस वर्षांचा धंदा. लोकांना वाटायचं, याला भीती ठाऊकच नाही. अहो, भीती ठाऊक नसलेला माणूस या धंद्यात बावीस वर्षं जिवंत राहील का? अलीम भित्रा होता. चांगला पक्का भित्रा होता. कामाच्या आदल्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही आणि विहिरीच्या काठावर चप्पल काढताना पोटात गोळा यायचा. हे फक्त त्याच्या बायकोला, चाँदबीला माहीत होतं, आणि ती ते कुणाला सांगायची नाही.

आडवं बोअर म्हणजे काय, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. नेहमीचं बोअर वरून जमिनीत खाली जातं. आडवं बोअर विहिरीच्या आतून मारतात. पाणी आटलं की तळाशी उतरायचं, मशीन भिंतीला टेकवायचं आणि पाच-पाच फुटांचे रॉड एकापुढं एक जोडत खडकात शंभर-सव्वाशे फूट आत घुसायचं. वाटेत पाण्याची भेग लागली की ते पाणी धावत विहिरीत येतं. आता ते पाणी आलं कुठून, कुणाच्या वाट्याचं होतं, हे वर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. म्हणून अलीमच्या उस्तादानं त्याला एक कायदा शिकवला होता. पिण्याच्या पाण्याकडं तोंड करायचं नाही. शेतीच्या विहिरीकडं खुशाल करा, शेतकरी शेतकऱ्याचं बघून घेईल. पण जिथं हंडा भरतो तिकडं मशीन वळवायचं नाही. त्यामुळे प्रत्येक कामावर अलीम मालकाला आधी विचारायचा, “पिण्याचं पाणी कोणत्या बाजूला?” मालक हात करायचा आणि अलीम त्या हाताकडं पाठ करून कामाला लागायचा.

या धंद्याचं गिऱ्हाईक मात्र गेल्या चार-पाच वर्षांत पार बदललं होतं. आधी मोसंबीवाले बोलवायचे. बाग वाळायला लागली की माणूस रडकुंडीला येऊन फोन करायचा, आणि पाणी लागलं की गळ्यात पडायचा. हल्ली फोन यायचे ते टँकरवाल्यांचे. कारखान्यांना पाणी लागतं, बांधकामांना लागतं, शहरातल्या नव्या कॉलन्यांना लागतं. मग सडकेला लागून विहीर असलेल्या माणसानं कापूस-सोयाबीन कशाला करावं? पाणी हेच पीक. ना खुरपणी, ना फवारणी, ना बाजारात भाव पडायची धास्ती.

भोकरदनच्या अलीकडच्या एका वाडीत राहणाऱ्या अण्णासाहेबांनी हे सगळ्यांच्या आधी ओळखलं. त्यांनी तीनशे झाडांची मोसंबीची बाग जेसीबी लावून उपटली आणि तिथं टँकर वळवायला मुरूम टाकला. कुणी हळहळलं की म्हणायचे, “अरे बाबा, झाड पाणी पितं आन् वरून खत मागतं. टँकर पाणी पितो आन् जाताना नोटा देतो. मंग लाड कुणाचे करावं, तूच सांग.” लोक हसायचे. बोलायला अण्णासाहेब भारी गोड. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात नव्हती, किंवा असून ते तिच्याकडं बघत नव्हते. शेतात सोडलेलं पाणी सगळं झाड पीत नाही. त्यातलं बरंच मुरतं आणि फिरून त्याच शिवारातल्या विहिरींत पाझरतं, कधी आपल्या, कधी शेजाऱ्याच्या. टँकरात भरलेलं पाणी सडकेनं जातं ते जातंच, त्यातला थेंब परत येत नाही. म्हणून टँकर भरणाऱ्याच्या शेजारच्या विहिरी आधी बसतात, म्हणजे आटतात, आणि मग त्याची स्वतःची. अण्णासाहेबांची विहीर या एप्रिलात बसली, म्हणून तर अलीमला बोलावणं आलं.

नेमका त्या दिवशी वसंता नव्हता. वसंता म्हणजे अलीमचा जोडीदार, अलीम खाली तर वसंता वर क्रेनच्या बटनावर. त्याला कावीळ झालेली. अलीम टेम्पोत रॉड चढवत होता तर चाँदबी दारात येऊन उभी राहिली.

“वसंता नई तो नक्को जाव,” ती म्हणाली.

“एक दिन का काम है. शाम को आता मैं.”

तिनं भाकरीचं फडकं त्याच्या हातात दिलं आणि आत गेली. एप्रिल-मे हे दोनच महिने त्यांच्या धंद्याचे. तेवढ्यातच विहिरी उतरण्याजोग्या कोरड्या असतात. तिलाही ते माहीत होतं.

वाडीत पोचल्यावर अण्णासाहेबांनी स्वतःच्या हातानं चहा दिला. क्रेन त्यांचीच होती, विजेवर चालणारी, आणि ती चालवायला त्यांचा सूरज नावाचा गडी होता, तिशीतला, कानात हेडफोन घालून बसलेला. विहीर पंचावन्न फूट. जुन्या पायऱ्या होत्या, पण खोल करताना अण्णासाहेबांनी त्या सुरुंगानं उडवल्या होत्या. आता वर-खाली व्हायला एक क्रेनचा दोर तेवढा होता. अलीमनं आत एकदा डोकावून पाहिलं आणि नेहमीप्रमाणं पाऊलभर मागं सरकला.

“अण्णा, पिण्याचं पाणी कोणत्या बाजूला?”

“गावाचा आड तिकडं, मावळतीला. त्यो बी आटला औंदा.”

“आन् उगवतीला?”

“उगवतीला बेबीनंदाची विहीर. शेतीची विहीर हाय. तिकडंच मार, तिकडंच पाण्याचा झोत हाय असं पाणाड्यानं सांगितलंय.”

हातातली बशी न हलवता, पापणी न लववता ते म्हणाले, शेतीची विहीर. आणि बघा, खोटंही नव्हतं ते. सातबारा काढला असता तर तिथं तसंच लिहिलेलं होतं.

तेवढ्यात बांधावरच्या बाभळींच्या पलीकडून हंडे वाजल्यासारखा आवाज आला. अलीमनं ऐकला. बराबर ऐकला. अरे, गावाचा आड आटलाय म्हणतात, मग गाव पितंय काय, एवढं तरी विचारशील की नाही? पण मशीन खाली गेलं होतं, केबल सोडून झाली होती, चहा पिऊन झाला होता. बाया धुणं धूत असतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं, मोबाइल सदऱ्याच्या खिशात ठेवला, सदरा काढून काठावर ठेवला आणि दोराला बांधलेल्या लोखंडी खुर्चीत बसला. खाली जाताना त्यानं डोळे मिटून घेतले. हेही तालुक्याला माहीत नव्हतं, की अलीम विहिरीत डोळे मिटून उतरतो.

तळाशी घोट्यापर्यंत पाणी होतं. भिंतीत अडकवलेल्या पहारींवर फळी टाकून त्यानं मशीन बसवलं, उगवतीच्या भिंतीला टेकवलं आणि बटन दाबलं. काळा खडक फार कठीण. पहिले दहा रॉड जाईपर्यंत दुपार झाली. मशीनच्या आवाजानं कान बधिर होतात, अंगावर दगडाचं पीठ बसतं, आणि मधूनच वरून खडा निसटून शेजारी पाण्यात पडतो. प्रत्येक खड्याला अलीम वर बघायचा. बारावा रॉड, पंधरावा, अठरावा. एकोणिसाव्या रॉडला मशीन एकदम हलकं झालं, लोण्यात सुरी जावी तसा रॉड आत गेला, आणि भोकातून आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी उसळून त्याच्या छातीवर आलं.

“लागलं!” वरून सूरज ओरडला. “अण्णा, लागलं!”

अलीम हसला नाही. त्याच्या नाकात वास गेला होता. त्यानं ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं, फेकलं, परत घेतलं आणि हुंगलं. पावडरीचा वास होता तो. ग्रामपंचायतीचा माणूस पिण्याच्या विहिरीत सकाळी जी ब्लिचिंगची पांढरी पावडर टाकतो, तिचा. जमिनीतल्या झऱ्याला असा वास कधी येत नाही. हा वास फक्त हंडा भरतो त्या पाण्याला येतो. अलीमनं ओंजळ सोडून दिली. तो फळीवर बसला.

झालं होतं असं. तीन आठवड्यांपूर्वी गावाचा आड आटला तेव्हा तहसीलच्या हुकमानं बेबीनंदाची विहीर वाडीच्या पिण्यासाठी ताब्यात घेतली होती. बेबीनंदा पंचावन्नची बाई, नवरा नाही, दीड एकर जमीन आणि साठ मोसंबीची झाडं. अण्णासाहेबांनी आधीच तिला सांगून पाहिलं होतं, की पाणी मला दे, सरकार देतं त्याच्या चौपट देतो. ती नाही म्हणाली. कागद झाला त्या दिवशी तिनं आपल्या मोटारीची वायर स्वतःच सोडली, आणि झाडं तशीच उन्हात उभी राहिली. बौद्धवाड्यातल्या, मराठ्यांच्या, मुसलमानांच्या, सगळ्या बाया तेव्हापासून तिच्या विहिरीवर दोर टाकत होत्या. सातबाऱ्यावर शेतीची असलेली विहीर तीन आठवड्यांपासून पिण्याची झाली होती. अण्णासाहेबांनी फक्त तेवढं सांगितलं नव्हतं.

“अण्णा!” अलीम ओरडला. “ह्याला पावडरीचा वास येऊन राह्यला! हे पिण्याचं पाणी हाय!”

काठावर अण्णासाहेबांचं डोकं आलं. “पाणी हाय ना? मंग झालं. वासाचं काय घेऊन बसला.”

“समदी विहीर इकडं रिकामी व्हईल, अण्णा. वाडी काय पिणार?”

“वाडीला सरकार टँकर देतं. कायदाच हाय तसा. तू रॉड काढ आन् वर ये.”

अलीमनं रॉड काढले. एकोणीसच्या एकोणीस काढले, आणि शेवटचा निघाला तसा पाण्याचा झोत मनगटाएवढा जाड झाला. तळाचं पाणी घोट्यावरून पोटऱ्यांपर्यंत आलं. त्याच्याजवळ बाभळीचे दोन-तीन टोकदार ओंडके नेहमी असत, भोक तात्पुरतं बुजवायला. गुट्टे म्हणत त्यांना. त्यानं एक गुट्टा भोकात खुपसला आणि घण घातला. एक, दोन, पाच, दहा. झोताची धार झाली, धारेची ठिबक झाली.

“काय करून राह्यलास रे?” वरून आवाज आला. आवाज अजून गोडच होता.

“बुजवून राह्यलो, अण्णा. तुमाला दुसऱ्या बाजूनं मारून देतो, मजुरी नका देऊ. पण हे न्हाई जमायचं.”

मग अलीम खुर्चीत बसला आणि त्यानं दोर दोनदा हलवला, म्हणजे वर घ्या. दोर हलला नाही.

“लाइट गेली,” सूरज म्हणाला.

“कवा येईल?”

“काय सांगावं? कधी घंट्यानं येती, कधी दिवसभर येत न्हाई.”

आणि दोन्ही डोकी काठावरून गेली. वर ताटाएवढं आभाळ राहिलं.

आधी अलीमनं स्वतःची समजूत घातली. लाइट जातेच, एप्रिलात तर रोज जाते, त्यात काय एवढं? त्यानं हाका मारल्या. त्याचाच आवाज भिंतींवर आपटून त्याच्या अंगावर आला. भिंतीवरचं ऊन वीतभर सरकलं, मग हातभर. गुट्ट्याच्या कडेनं येणारं पाणी थांबत नव्हतं, अगदी थोडं येत होतं, पण येत होतं. सदऱ्यातला मोबाइल वर वाजला, बराच वेळ वाजला. चाँदबी असणार. तो वाजायचा थांबला आणि मग अलीमला खरी भीती वाटली. ही रोजची, पोटातली भीती नव्हती. ही भीती वर होती, काठावर, दोन माणसांच्या हातात, आणि तिचं पुढं काय होणार हे त्याला खालून दिसत नव्हतं. उद्या कुणी विचारलं, तर दोर तुटला म्हणतील. दरड कोसळली म्हणतील. आडव्या बोअरवाला विहिरीत मेला, यात कुणाला नवल वाटेल?

मग त्याचं लक्ष मशीनकडं गेलं. मशीन आणि क्रेन, दोघांना एकाच पेटीतून वायर होती. लाइट गेली असेल तर मशीन चालणार नाही. साधी गोष्ट. बटन हाताशी होतं. पण त्याचा हात पुढं जाईना. मशीन चाललं नाही तर बरंच झालं, लाइट गेलीय, येईल. पण चाललं तर? चाललं तर काय, हे त्याला माहीत करून घ्यायचंच नव्हतं. माणूस किती भित्रा असावा बघा, विजेच्या झटक्याला भीत नव्हता, बातमीला भीत होता. शेवटी त्यानं “या अल्ला” म्हणून बटन दाबलं.

मशीन घर्रर्र करून फिरलं.

अलीमनं ताबडतोब बंद केलं. पण आवाज वर गेला होता. काठावर अण्णासाहेबांचं डोकं परत आलं, सावकाश, काही घाई नसल्यासारखं.

“लाइट आली म्हणायची मंग,” ते म्हणाले. “अलीम, गुट्टा काढलास का रे? काढला म्हंजी सांग, लगेच वर घेतो.”

यात शिवी नव्हती, धमकी नव्हती. पोराला जेवायला बोलवावं तसा आवाज. अलीमला चाँदबी आठवली, बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघणारी त्याची पोरगी फलक आठवली. बेबीनंदा त्याला आठवली नाही, कारण त्यानं तिला कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं पहार उचलली, गुट्ट्याच्या कडेला घातली आणि अंगातला सगळा जोर लावला. गुट्टा निघाला. पाणी उसळून आलं. क्रेन लगेच सुरू झाली.

वर आल्यावर अण्णासाहेबांनी स्वतःच्या टॉवेलनं त्याची पाठ पुसली. पुन्हा चहा दिला. ठरली होती ती मजुरी पूर्ण दिली, वर शंभराच्या दोन नोटा जास्त दिल्या, आणि अलीमनं त्या घेतल्या. हे लपवून कसं चालेल? घेतल्या त्यानं.

टेम्पो सडकेला लावायला बाभळीच्या पलीकडून जावं लागत होतं. तिथं विहिरीवर दहा-बारा बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. एक वयस्क बाई पुढं आली, डोक्यावर पदर, हातात दोराचं वेटोळं. तिनं टेम्पोवर रंगवलेलं नाव वाचलं, आडवे बोअर, अलीम, आणि खाली मोबाइल नंबर.

“लागलं का अण्णाच्या विहिरीला पाणी?” तिनं विचारलं.

“लागलं थोडं,” अलीम म्हणाला.

“तोंड कसं उतरलंय तुमचं. पाणी प्या.” तिनं तांब्या भरून दिला. अलीम प्यायला. तिच्यामागं एक बाई दुसरीला म्हणाली, “आज दोर हातभर जास्ती लागून राह्यला गं.” अलीमनं तांब्या परत दिला, तिच्याकडं न बघता टेम्पो चालू केला आणि जाफराबादपर्यंत कुठं थांबला नाही.

मग पाच दिवस तो घराबाहेर पडला नाही. सडकेवर मोटारसायकल थांबली की उठून दाराची कडी बघायचा. कधी वाटायचं पोलीस येतील, कधी वाटायचं वाडीची माणसं येतील, आणि सगळ्यात जास्त भीती अण्णासाहेबांची वाटायची, की ते गोड हसत येतील आणि म्हणतील, चल, दुसरं काम आहे. फोन तर चालूच होते. त्या भागातल्या प्रत्येक टँकरवाल्याला बातमी लागली होती. “अण्णासाहेबांच्या विहिरीला पाणी लावलं ते तुमीच ना?” असं विचारायचे, आणि अलीम राँग नंबर म्हणून ठेवून द्यायचा. चाँदबीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि त्यानं तिला सगळं सांगितलं होतं. ती रडली. मग म्हणाली, “जिंदा आए, बस.” पण तिलाही तेवढ्यानं पुरलं नव्हतं, हे तिच्याकडं बघून कळत होतं.

सहाव्या दिवशी वसंता आला, डोळ्यांत अजून पिवळेपणा होता. त्यानं बाजारात ऐकलेली बातमी सांगितली.

“त्या वाडीची पिण्याची विहीर तिसऱ्या दिवशी कोरडी पडली. तहसीलनं हुकूम रद्द केला, टँकर मंजूर केला. आन् टँकर भरतो कुठून, सांग?”

अलीमनं दाराची कडी परत एकदा पाहिली.

“अण्णासाहेबांच्या विहिरीवरून! तिचं पाणी तिच्याच शेजारून टँकरात बसून येतं, आन् दोन फेऱ्यांवर तिसरी न्हाई. बाकीच्या खेपा जालन्याला जातात. काय डोकं हाय बघ माणसाचं!”

वसंता हसला. त्याला त्या दिवशीचं काही ठाऊक नव्हतं. अलीम उठून मोरीत गेला, प्यायला तांब्या भरला आणि न पिताच ओतून दिला.

त्याच दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर होता. राँग नंबर म्हणायला त्यानं उचलला.

“अलीमभाई बोलून राह्यले का? मी बेबीनंदा, वाडीवरून. तुमाला तांब्याभर पाणी दिल्तं त्या दिवशी.”

अलीम फोन कानाला लावून उठून उभा राहिला.

“हॅलो? ऐकू येऊन राह्यलं का?”

“येतं, ताई.”

“माझ्या विहिरीत उतरायचं हाय. तुमी उतरता म्हणून फोन केला. मजुरी किती घेता?”

समोर चाँदबी पीठ मळत होती. तिचे हात थांबले. अलीमला वाटलं, राँग नंबर म्हणावं, अजून म्हणता येईल.

“मजुरी नको,” तो म्हणाला.

“फुकट कोण उतरतं हो पन्नास फूट?”

“ज्यानं नेलं त्यो उतरतो,” अलीम म्हणाला. म्हणून गेला खरा. आता पलीकडून शिव्या येतील म्हणून त्यानं मोबाइल कानापासून थोडा लांब धरला. शिव्या आल्या नाहीत. मागं कुठंतरी हंडे आपटत होते, बाया भांडत होत्या, टँकर आला असावा.

“मला म्हाईत हाय,” बेबीनंदा म्हणाली. “तुमची गाडी गेली आन् त्याच दिवसापासून दोर पुरंना झाला. येवढं तर लेकराला बी कळतं. म्हणून तर दुसऱ्या कोणाला फोन न्हाई केला. पाणी कुठून फुटलं ते तुमालाच सापडंल. बुजतं का ते, तेवढं सांगा.”

“बुजतं. तुमच्या बाजूनं भेगेत सिमेंट भरलं तर बुजतं. झरा चालू हाय, आठ-पंधरा दिवसांत पाणी चढंल.” तो भराभर बोलत होता. “पण अण्णासाहेबाला कळंल.”

“कळू द्या. मी माझ्या विहिरीत काय करते त्याला कोण विचारतं? बाकीचं वाडी बघंल. उद्या सकाळी या.”

“ताई.” त्याला विचारायची लाज वाटत होती, पण न विचारता राहवेना. “क्रेन हाय का तुमच्याकडं?”

“क्रेन कुठली? दोर हाय. माणसं धरतील.”

“कोणती माणसं?”

“वाडीची. ज्यांचं पाणी गेलं ती समदी.”

अलीमला ती विहीर दिसली, पन्नास फूट खोल, आणि काठावर दोर धरून उभी असलेली माणसं दिसली, तीन दिवस टँकरामागं धावलेली.

“लोकांना राग असंल,” तो म्हणाला.

“हाय ना. लई हाय.” बेबीनंदानं खोटं सांगितलं नाही. “माझ्या बौद्धवाड्यातल्या दोघांनी तर तुमची गाडी जाळायची म्हणून ठेवलं होतं. मी त्यास्नी दोर धराया सांगितलाय. उतरता का?”

चाँदबी पिठाच्या हातांनी उठून उभी राहिली होती आणि मान हलवत होती, नको, नको. अलीमनं तिच्याकडं पाहिलं. मग त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

“उतरतो,” तो म्हणाला.

फोन ठेवून त्यानं दाराची कडी काढली आणि टेम्पोत सिमेंट आहे का बघायला बाहेर पडला.